जखमेचें अन्न

आलापल्लीच्या चौकांत उभें राहिलें म्हणजे रानांत शिरणाऱ्या वाटा फुटतांना दिसतात. एक दक्षिणेस सिरोंच्याकडे, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाकडे जाते. दुसरी एटापल्लीस जाते. तिसरी पूर्वेस भामरागडकडे वळते, जेथें पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकमेकींस भेटतात. या वाटा सागवानाच्या रानांतून जातात. हें रान म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याचें वैभव. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्या जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि आलापल्ली त्यांत आली. येथील जुन्या सागवृक्षांचा एक छोटा तुकडा २०१४ सालीं जैवविविधतेचा वारसा म्हणून राखून ठेवण्यांत आला. परंतु रानाचें वैभव वेगळें आणि रानांत राहणाऱ्या माणसाचें आयुष्य वेगळें.

या रानांत जखम ही नवलाची गोष्ट नव्हे. कुऱ्हाड निसटते, ओंडका घसरतो. मोहफुलें वेंचावयास भल्या पहांटे गेलेल्या माणसाची गांठ त्याच फुलांसाठीं आलेल्या अस्वलाशीं पडते. थंडीच्या रात्रीं शेकोटीजवळ निजलेल्या मुलाचें पांघरूण पेटतें. मग खाटेची डोली करून माणसें जखमी मनुष्यास घेऊन निघतात. पावसाळ्यांत नदी आडवी येते, तेव्हां ती उतरण्याची वाट पाहावी लागते. शेवटीं दवाखाना गांठला, जखम धुतली, टांके पडले, कीं सर्वांस वाटतें, सुटलों. वस्तुतः खरें काम तेथून पुढें सुरू होतें.

टांक्याचा धागा जखमेच्या दोन कडा एकमेकींपाशीं धरून ठेवतो, एवढेंच त्याचें कर्तव्य. मधली फट भरून काढणारा पदार्थ शरीरालाच निर्माण करावा लागतो. प्रथम रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंचा व मेलेल्या मांसाचा निकाल लावतात. नंतर केसाहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग तंतु विणणाऱ्या पेशी कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचें जाळें विणूं लागतात, आणि त्या जाळ्यावर नवी कातडी चढते. हें सारें बांधकामच आहे, आणि बांधकामाला माल लागतो. तो माल ताटांतून यावयाचा असतो. ताटांतून तो आला नाहीं, तर शरीर स्वतःचे स्नायु मोडून तो मिळवितें. ही गोष्ट ऐकावयास सोपी आहे. परंतु ती नीट समजण्यास मनुष्यजातीस फार काळ लागला, आणि समजल्यावरही ती अनेकदां विस्मरणांत गेली.

भारतवर्षांत तिचा पहिला मोठा उच्चार सुश्रुतसंहितेंत सांपडतो. त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानांत १९ वा अध्याय व्रणिताच्या उपासनेचा, म्हणजे जखमी मनुष्याच्या सांभाळाचा आहे. शस्त्रकर्माचा एवढा मोठा आचार्य. पण या अध्यायांत तो शस्त्राविषयीं फारसें बोलत नाहीं. रोग्याचें घर कसें असावें, बिछाना कसा असावा, त्याच्या उशापायथ्याशीं गोड बोलणारे स्नेही बसून गोष्टी सांगून त्याची वेदना कशी हलकी करावी, हें तो सांगतो. आणि त्यानंतर तो अन्नाकडे वळतो. जुन्या साळीचा मऊ व ऊन भात, त्यावर तूप, रानांतील प्राण्यांचें मांस, तांदुळजा व चाकवत यांसारख्या पालेभाज्या, कोंवळा मुळा, वांगें, पडवळ, कारलें, डाळिंब, आवळा, मुगाचें कढण, हें अन्न त्यानें जखमी मनुष्यास नेमून दिलें आहे. त्याबरोबरच नवें धान्य, उडीद, तीळ, दहीं अशा कित्येक वस्तू त्यानें वर्ज्यही केल्या आहेत. त्या वर्ज्य वस्तूंची सगळीच यादी आजच्या ज्ञानास पटेल असें नाहीं. परंतु जखमी मनुष्यास उपाशी ठेवा, असें त्यांत कोठेंही नाहीं. धान्य, स्नेह, मांसरस, डाळ, भाजी आणि फळ हीं सर्व त्याच्या ताटांत एकत्र आलीं आहेत.

पुढें काय झालें तें मराठी घरांत कोणाही आजारी माणसाच्या खोलींत डोकावल्यास दिसतें. पथ्य या शब्दाचा मूळ अर्थ हितकर अन्न असा. घरोघर त्याचा अर्थ झाला न खाण्याच्या वस्तूंची यादी. विधान विसरलें आणि निषेध तेवढे ध्यानांत राहिले. इतकेंच नव्हे, तर ते वाढतही गेले. भातानें पू होतो, डाळीनें जखम पिकते, अंडें उष्ण पडतें, आंबटानें टांके चिघळतात, आणि वांग्याचें तर नांवही काढूं नये! सुश्रुतानें ज्या वांग्यास जखमी मनुष्याच्या पानांत बसविलें, त्यास त्याच्याच देशांत त्याच पानांतून उठविण्यांत आलें. आवळ्याचीही तीच गत झाली. मग राहिलें काय? साबूदाण्याची कांजी, पेजेचें पाणी आणि चहा. साबूदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. त्यांत प्रथिनांचा अंश नांवापुरताच असतो. तो पचण्यास हलका आहे हें खरें, परंतु जखम विणणाऱ्या पेशींस त्यांतून सूत मिळत नाहीं.

आंबटाविषयींची ही भीति किती उलटी आहे हें पाहावयाचें तर समुद्रावर गेलें पाहिजे. कारण जखम आणि फळ यांचें नातें तेथेंच प्रथम फार भयंकर रीतीनें उघडकीस आलें. १७४० सालीं इंग्लंडचा आरमारी अधिकारी जॉर्ज ॲन्सन कांहीं जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. खारवलेलें मांस आणि वाळलेलीं बिस्किटें एवढ्यावर महिने काढणाऱ्या त्याच्या खलाशांस स्कर्व्ही रोगानें गांठलें. हिरड्या सुजल्या, दांत हलले, अंगावर काळेनिळे डाग उठले. १७४४ सालीं ॲन्सन परतला, तेव्हां निघालेल्यांपैकीं बहुतेक माणसें मरण पावलीं होतीं. या सफरीचा वृत्तांत १७४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एका वृद्ध खलाशाची हकीकत आहे. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईंत तो जखमी झाला होता. त्या जखमा भरून पन्नासांवर वर्षें लोटलीं होतीं. स्कर्व्ही होतांच त्या सर्व जखमा, जणूं कधीं भरल्याच नव्हत्या अशा, पुन्हां उघडल्या. पूर्वीं मोडून सांधलेलें त्याचें हाडही पुन्हां सुटलें.

त्या काळीं याचा उलगडा कोणासही झाला नाहीं. आज तो होतो. भरलेली जखम ही एकदां बांधून संपलेली भिंत नव्हे. तिच्यांतील कोलॅजन सतत झिजतें आणि सतत नवें विणलें जातें. विणकरास मिळणारा माल थांबला, कीं भिंत ढासळूं लागते. हा माल कोणता, त्याचा माग जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें काढला. १७४७ सालीं सॅलिसबरी नांवाच्या जहाजावर त्यानें स्कर्व्हीचे १२ रोगी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. ज्या जोडीस रोज दोन संत्रीं आणि एक लिंबूं मिळालें, ती सहा दिवसांतच सुधारली. लिंडचा ग्रंथ १७५३ सालीं निघाला. तरीही इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस नेमानें देण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. एवढें साधें सत्य कळूनही आचरणांत येण्यास चाळीसांहून अधिक वर्षें गेलीं.

लिंबांत असें काय आहे, याचा शोध विसाव्या शतकांत लागला. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञानें १९२८ सालीं एक आम्ल वेगळें काढलें, आणि तेंच ‘क’ जीवनसत्त्व होय हें १९३२ सालीं सिद्ध झालें. तथापि या जीवनसत्त्वावांचून निरोगी माणसाची जखम खरोखर भरत नाहीं काय, याचा प्रत्यक्ष पुरावा हवा होता. तो बोस्टन शहरांतील जॉन क्रँडन या तरुण शस्त्रवैद्यानें स्वतःच्या देहावर घेतला. १९३९ सालीं त्यानें ‘क’ जीवनसत्त्व मुळींच नसलेला आहार सुरू केला. तीन महिन्यांनीं त्याच्या पाठीवर मुद्दाम एक जखम करण्यांत आली. ती नेहमीप्रमाणें भरली. सहा महिन्यांनीं दुसरी जखम करण्यांत आली. या वेळीं वरची कातडी जुळलेली दिसली, पण दहा दिवसांनीं आंत पाहतां खालच्या भागांत जोड मुळींच झालेला नव्हता. मग त्यास हें जीवनसत्त्व टोंचून देण्यांत आलें, आणि दहा दिवसांत तीच जखम चांगली भरून आली. शस्त्र तेंच, टांके तेच, देहही तोच. फरक अन्नांतील एका अंशाचा.

याच सुमारास दुसरें एक सत्य युरोप-अमेरिकेंतील रुग्णालयांत हळूहळू आकार घेत होतें. ग्लासगो येथें डेव्हिड कथबर्टसन हा शास्त्रज्ञ हाडें मोडलेल्या रोग्यांच्या लघवींतील नत्र मोजीत होता. नत्र हा प्रथिनांचा घटक. १९३० नंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांनीं दाखविलें कीं, पाय मोडलेला मनुष्य स्वस्थ पडून असला तरी त्याच्या शरीरांतून नत्र भराभर बाहेर पडतें. मोडलें आहे एक हाड, पण झिजत आहेत साऱ्या अंगाचे स्नायु. जखम होतांच शरीर स्वतःचें भांडार फोडून जखमेकडे माल धाडूं लागतें. ज्याचें भांडार आधींच रिकामें आहे, त्याचें काय होतें, हें अमेरिकेंतील हायरम स्टडली यानें १९३६ सालीं दाखविलें. जठरव्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा त्यानें हिशेब मांडला. ज्यांचें वजन शस्त्रक्रियेपूर्वीं एक पंचमांशाहून अधिक घटलें होतें, त्यांच्यापैकीं तीनांत एक दगावला. ज्यांचें तितकें घटलें नव्हतें, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३ ते ४ एवढेंच होतें. शस्त्रवैद्याचें कौशल्य दोघांसही सारखेंच लाभलें होतें.

स्टडलीचा हा हिशेब घेऊन आलापल्लीच्या वाटेवर परत आलें म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो. शहरांतील मनुष्य बहुधा भरलेलें भांडार घेऊन शस्त्रक्रियेच्या मेजावर येतो. रानांतल्या माणसाचें भांडार ऋतूवर अवलंबून असतें. भात पिकल्यावर घरांत धान्य असतें. पावसाळ्यांत जुनें धान्य सरलेलें, नवें शेतांत उभें, हिवतापाचे दिवस आणि नद्यांनीं अडलेल्या वाटा, असें सगळें एकाच वेळीं येतें. त्या दिवसांत जखमी होणारा मनुष्य जखमेच्या आधींच अर्धा झिजलेला असतो. त्यांत या भागांत रक्तक्षयाचें व सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचें प्रमाण मोठें. रक्त पातळ असेल तर जखमेस प्राणवायु कमी पोंचतो, आणि भरण्याचें काम आणखी रेंगाळतें.

आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर हेमलकसा लागतें. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं तेथें लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं त्या रानांत दवाखाना उभारला. वीज नव्हती, पावसाळ्यांत वाटही नसे. प्रारंभीं माडिया लोक औषधास येत नसत. अपस्माराचा झटका येऊन विस्तवांत पडलेला आणि फार भाजलेला एक रोगी त्या आरंभीच्या दिवसांत तेथें बरा झाला, आणि त्यानंतर लोकांचा विश्वास बसूं लागला, ही हकीकत महाराष्ट्रांत सुपरिचित आहे. भाजलेल्या मनुष्याच्या बाबतींत अन्नाचा प्रश्न सर्वांत बिकट असतो. कातडी गेलेल्या भागांतून पाणी व प्रथिनें अखंड पाझरतात, उष्णता निघून जाते, आणि ती भरून काढण्यास शरीर रात्रंदिवस जळत राहतें. मोठ्या भाजण्यांत शरीरास लागणारे उष्मांक नेहमीच्या दीडपट, कधीं जवळजवळ दुप्पट होतात. अशा रोग्यास पथ्याच्या नांवाखालीं पेजेवर ठेवणें म्हणजे जळत्या घरास पाण्याऐवजीं धीर देण्यासारखेंच होय.

याच जिल्ह्यांत गडचिरोलीजवळ शोधग्राम येथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें दवाखाना बांधला, तेव्हां त्याचें रूप लोकांस विचारून ठरविलें. मोठ्या इमारतीची लोकांस भीति वाटे, आणि रोग्यास एकटें ठेवून नातलगांस बाहेर काढणें त्यांस रुचत नसे. म्हणून आदिवासी घरांसारख्या झोंपड्यांचा दवाखाना झाला, रोग्याबरोबर त्याचें माणूसही राहूं लागलें, आणि दवाखान्यास दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें. सुश्रुतानें जखमी मनुष्याच्या उशाशीं बसविलेले स्नेही येथें पुन्हां येऊन बसले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यांचा उपयोग नुसत्या गोष्टी सांगण्यापुरता नसतो. दुखणाईत मनुष्यास भूक नसते. त्यास एकदां भरलेलें ताट वाढून चालत नाहीं. थोडें थोडें, अनेकदां, त्याच्या चवीचें, कोणीतरी बसून भरवावें लागतें. १८५४ नंतर क्रिमियन युद्धांतील जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें हेंच ओळखलें होतें. अन्न असूनही, तें वेळेवर व घेतां येईल अशा रीतीनें न दिल्यामुळें रोगी उपाशी राहतात, असें तिनें आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत परखडपणें मांडलें.

रानांत माल मुळींच नाहीं, असेंही नाहीं. गडचिरोलीच्या रानांत आवळा आहे, आणि त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याहून अनेक पटींनीं अधिक असतें. नदीनाल्यांत मासे आहेत, घराशीं कोंबडी आहे, चारोळी आहे, रानभाज्या आहेत. लाल मुंग्यांची आंबट चटणी ही शहरी माणसास हसण्याची गोष्ट वाटते, परंतु तींत प्रथिनें असतात. ॲन्सनच्या जहाजावर जें नव्हतें तें या रानांत झाडाला लागतें. प्रश्न असतो तो जखमी मनुष्याच्या ताटांत तें येण्याचा. आणि तेथें दारिद्र्य जसें आड येतें, तशी समजूतही आड येते.

दारिद्र्याचा इलाज एका भाषणांत होणारा नव्हे. समजुतीचा मात्र होऊं शकतो, आणि तिची गरज रानापेक्षां शहरांत कमी आहे असें नाहीं. ज्या घरांत दूध, डाळ, अंडीं, फळें सर्व कांहीं आहे, त्या घरांतही शस्त्रक्रिया झालेल्या माणसास आठवडाभर कांजीवर ठेवतात, आणि हाताला सलाईनची नळी लावली आहे म्हणजे त्याचें पोट भरलें असें समजतात. अर्धा लिटरच्या ग्लुकोजच्या नेहमीच्या बाटलींत साखर असते २५ ग्रॅम; तिचे उष्मांक सुमारें १००, म्हणजे एका पोळीइतके. प्रथिनें त्यांत नसतात. शिरेंतून संपूर्ण पोषण देण्याची विद्या १९६८ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ली डड्रिक व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केली खरी, परंतु तें द्रव्य निराळें, आणि तें ज्यांचें पोट काम करीत नाहीं त्यांच्याकरितां आहे. ज्याचें आंतडें चालतें त्यास तोंडावाटें घेतलेल्या अन्नासारखें दुसरें पोषण नाहीं.

आजच्या वैद्यकाचा हिशेब असा. निरोगी प्रौढ मनुष्यास दर किलो वजनामागें रोज ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनें पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा दुखापतीनंतर १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ५० किलो वजनाच्या माणसास म्हणजे रोज ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम आणि एक पेला दुधांत सुमारें ७ ग्रॅम मिळतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे कांजीनें हा हिशेब कधींच जुळणार नाहीं हें उघड आहे. वरण-भात, मुगाची खिचडी व तूप, अंडें, मासा, दहीं, शेंगदाणे, पालेभाजी आणि एखादें आंबट फळ, हें अन्न जखमेचें शत्रु नसून मित्र आहे. भातानें पू होत नाहीं. पू जंतूंनीं होतो. शस्त्रक्रियेपूर्वीं मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याची जुनी रीतही आतां सैल झाली आहे. बहुतेक रोग्यांस घन अन्न सहा तास आधींपर्यंत व स्वच्छ पाणी दोन तास आधींपर्यंत चालतें, आणि अनेक शस्त्रक्रियांनंतर लौकर खाऊं घालणें हेंच श्रेयस्कर ठरलें आहे. अर्थात् आंतड्यावरील शस्त्रक्रिया, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांत अन्नाचा प्रकार व प्रमाण वैद्यानेंच ठरवावयाचें असतें. परंतु वैद्यानें मनाई केली नसतां शेजाऱ्याच्या सांगण्यावरून रोग्याचें ताट रिकामें करणें हें पथ्य नव्हे.

आलापल्लीच्या रानांतून खाटेवर घालून आणलेल्या माणसाचे आप्त मैलोगणती चालतात, तें त्याचा जीव वांचावा म्हणून. त्याला टांके घालण्याचें काम शस्त्रवैद्याचें. तें अर्ध्याएक तासांत संपतें. पुढचे तीन आठवडे जखम भरीत राहते ती त्याच्या उशाशीं वाडगा घेऊन बसलेल्या माणसाच्या भरंवशावर. त्या वाडग्यांत काय आहे, यावर पुष्कळदां चालत घरीं जावयाचें कीं नाहीं, हें ठरत असतें.